परसातला ग्लॅडिओलस आणि समीक्षेतले रान

बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या अंगाला असलेल्या एखाद्या घराच्या परसात, हळदीच्या वाफ्याशेजारी किंवा धुण्याच्या दगडामागे, ग्लॅडिओलसचे दोनचार फुलदांडे उभे असावेत, त्यांना ओळ नसावी, आळे नसावे, ते कुणी लावले हे कुणाला आठवत नसावे, एवढे ललित लेखकाला पुरते. घरातली बाई ‘येतंय की आपलं आपण दर साली’ असे म्हणते. मग त्या फुलाला ‘रानटी’, ‘मुक्त’ आणि ‘स्वयंभू’ ही तीन विशेषणे बहाल होतात, शहरातल्या कुंडीतल्या रोपट्याशी त्याची तुलना होते आणि मोकळेपणाविषयीचे एखादे सुभाषित काढून लेख संपतो.

अशा लेखाने कुणाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते पुढे. नेमकी हीच विशेषणे आपल्या समीक्षाव्यवहारात गेली कित्येक दशके ग्रामीण कवीच्या पहिल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत, पुरस्काराच्या मानपत्रात आणि पदव्युत्तर वर्गातल्या टिपणांत फिरत आहेत. कवी ‘रानफूल’ असतो. त्याची कविता ‘मातीतून उगवलेली’ असते. तिला ‘नागर संस्कारांची कात्री’ लागलेली नसते. हे सारे स्तुती म्हणून लिहिले जाते आणि बिचारा कवीही ते स्तुती म्हणूनच स्वीकारतो. प्रस्तुत लेखाचा दावा असा, की ही स्तुती नव्हे. आणि ज्या फुलावरून ती उचलली आहे त्या फुलाविषयीही ती खरी नाही.

फुलापासूनच सुरुवात करू. ग्लॅडिओलसच्या सुमारे तीनशे जाती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य दक्षिण आफ्रिकेतल्या, काही उष्णकटिबंधीय आफ्रिकेतल्या आणि थोड्या भूमध्य समुद्राभोवतीच्या. दख्खनच्या पठारावर मूळची अशी एकही जात नाही. परसात दिसतो तो तर जगातल्या कुठल्याच अरण्यातला नाही. आफ्रिकेतल्या जातींचा युरोपात संकर करून १८४१ च्या सुमारास बेल्जियममधल्या गेंट शहरातून एक वाण बाजारात आला; आजचा मोठ्या फुलांचा ग्लॅडिओलस त्या वाणाचा आणि त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे चाललेल्या संकरांचा वंशज आहे. आपल्याकडेही महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील केंद्राने ‘फुले गणेश’, ‘फुले प्रेरणा’ असे वाण काढले. म्हणजे आपण ज्याला रानटी म्हणतो आहोत त्याच्या वंशावळीत रोपवाटिकावाले, संशोधक, कंदांचे व्यापारी अशी माणसांची एक लांबलचक रांग उभी आहे. इतक्या माणसांचा हात लागलेली फुले बागेत फार नसतील.

तरीही तो ‘आपला आपण’ येतो, हे खरेच आहे. ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. शेतात लावलेला ग्लॅडिओलस असा सोडून देत नाहीत. फुलदांडा काढताना खाली चारपाच पाने राखायची, म्हणजे जमिनीतला कंद भरतो. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडायचे. मग कंद उकरून सावलीत सुकवायचे, बुरशीनाशक लावायचे आणि त्यांची सुप्तावस्था मोडण्यासाठी सुमारे तीन महिने शीतगृहात ठेवायचे. हे बेणे पुन्हा लावायचे. दर हंगामात लावलेला जुना कंद स्वतः आटून जातो आणि त्याच्या डोक्यावर नवा कंद तयार होतो. भोवती बारीक बारीक कंदांचा घोळका जमतो तो वेगळाच. या सगळ्या खटाटोपातून सुटलेला, निवडताना बारीक म्हणून टाकलेला किंवा कुणी पदरात बांधून आणलेला एखादा कंद परसात पडतो. उन्हाळाभर तो जमिनीत झोपून राहतो आणि पावसाच्या तोंडावर फुटतो.

पण तो कुठेही फुटत नाही. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की कंद कुजतो. कोरड्या माळावर तो तग धरत नाही. परसातल्या भिंतीलगतचा निचरा, चुलीची राख, आंघोळीच्या आणि धुण्याभांड्याच्या पाण्याचा रोजचा ओघळ, हळद खणताना त्याच्याही बुडाशी सहज ओढली गेलेली माती, यांवर तो जगतो. मातीची भर मिळाली नाही तर फुलांच्या वजनाने दांडा कलंडतो. ‘आपलं आपण येतं’ असे म्हणणारी बाई आपल्या श्रमांचा हिशेब ठेवत नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. रोजच्या कामाच्या पोटात झालेले काम तिला वेगळे सांगावेसे वाटत नाही. ऐकणाऱ्याने मात्र तिच्या विनयाचा वनस्पतिशास्त्रीय सिद्धान्त केला.

कुणी म्हणेल की युरोपात तरी खरा रानटी ग्लॅडिओलस आहे. आहे, आणि त्याची गोष्ट आपल्या वादाला फारच उपयोगी आहे. भूमध्य प्रदेशातल्या एका जातीला वनस्पतिशास्त्रज्ञांनी पूर्वी ‘सेगेटम’ असे विशेषण दिले होते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘उभ्या पिकांतला’. ती जात गव्हाच्या शेतात तण म्हणून वाढते. नांगराच्या फाळाने तिचे कंद विखुरले जातात आणि त्यामुळेच ती पसरते. माणसाने नांगरणी केली म्हणून हे रानफूल शेतभर झाले.

इथे आपण ‘रान’ या शब्दापाशी येतो, आणि माझ्या मते सगळा घोटाळा याच शब्दात आहे. बारामती-इंदापूरच्या बोलीत ‘मालक रानात गेल्यात’ म्हणजे मालक जंगलात गेलेले नसतात. ते शेतात गेलेले असतात. रान नांगरतात, रान तापू देतात, रान बांधतात, रानाला पाणी देतात. दोघा भावांत रानाची वाटणी होते आणि बांधावरून कोर्टकचेरी होते. रान गहाण पडते. ज्या सुपे गावात १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले गेले आणि दख्खनच्या दंग्यांची सुरुवात झाली, ते सुपे आजच्या बारामती तालुक्यातच आहे. तिथल्या कुणब्याला ‘रान’ या शब्दासरशी पाखरांचा किलबिलाट आठवला असेल असे मानायला फार निरागस मन हवे.

‘रान’ची व्युत्पत्ती ‘अरण्य’पासून आहे आणि रानडुक्कर, रानभाजी या शब्दांत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे, हे मी नाकारत नाही. एकाच शब्दात अरण्य आणि नांगरलेली जमीन असे दोन्ही अर्थ राहतात, आणि बोलणाऱ्याला त्यांतला कोणता अभिप्रेत आहे हे प्रसंगावरून कळते. समीक्षकाला तेवढेच कळत नाही. त्याने शब्द गावाकडून घेतला आणि अर्थ कोशातून. ना. धों. महानोर यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ चा. महानोर पळसखेड्याचे शेतकरी होते. त्यांच्या शीर्षकातले रान हे ज्वारी-कपाशीचे, विहिरीचे, पाभरीचे रान आहे. तो कामाचा पत्ता आहे. पण त्या शीर्षकाभोवती जमलेल्या कौतुकात ‘निसर्ग’ या शब्दाने ‘शेती’ या शब्दाला किती वेळा ढकलून बाहेर काढले, हे एखाद्या विद्यार्थ्याने जुनी परीक्षणे समोर ठेवून मोजावे. प्रबंधाला विषय मिळत नसल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. हा घ्या विषय.

बरे, बारामती-इंदापूरचे रान तरी आदिम आहे काय? प्रिंगलच्या जबर आकारणीनंतर रयतेने टाकून दिलेल्या जमिनी पुन्हा लागवडीस याव्यात म्हणून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये मुंबई इलाख्याच्या नव्या मोजणीला आरंभ केला तो इंदापूर तालुक्यातून. इथल्या मातीचा कस, खोली आणि रंग यांवरून तिची प्रतवारी कागदावर आली. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ पडला. त्यानंतर नीरा डावा कालवा खणला गेला आणि १८८५ च्या सुमारास त्याला पाणी आले. दुष्काळनिवारणासाठी काढलेले पाणी हळूहळू उसाकडे वळले. अति पाण्याने जमिनी इतक्या खारावल्या, की १९१० च्या सुमारास हॅरॉल्ड मान यांना सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र अभ्यास करावा लागला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, वालचंदनगर ही साखरेची नावे त्यानंतरची. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि इंदापूरच्या उत्तरेकडची कितीतरी रानेच्या राने भीमेच्या फुगवट्याखाली गेली. आजही बारामती तालुक्याचा कालव्याखालचा भाग आणि सुपे-मोरगावकडचा जिरायती भाग यांच्यात परसात फूल ठेवण्याइतके पाणी असण्या-नसण्याचा फरक आहे. परसातला ‘मुक्त’ ग्लॅडिओलस सांडपाण्यावर जगतो. आणि सांडायला आधी पाणी यावे लागते. ते कुठल्या चारीने आले, कुणाच्या पाळीने आले, ही माहिती त्या फुलाच्या सौंदर्याला उणेपणा आणत नाही. ती दडवली की मात्र वर्णन खोटे होते.

आता कवितेकडे येऊ. याच बारामतीत मोरोपंत राहिले. पन्हाळ्यावर १७२९ मध्ये जन्मलेला हा कवी तरुणपणी बारामतीस आला, नाइकांच्या आश्रयाने पुराण सांगत राहिला आणि १७९४ मध्ये तिथेच वारला. कऱ्हेच्या काठी बसून त्याने आर्यांचा जो डोंगर रचला त्याबद्दल एकोणिसाव्या शतकापासून एक आक्षेप चालत आलेला आहे: ही कविता कृत्रिम आहे, पांडित्याची कसरत आहे, तिच्यात हृदय नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ‘निबंधमाले’त पंतांची बाजू सविस्तर मांडावी लागली ती अशाच वातावरणात. ओष्ठ्य वर्ण टाळून अख्खे रामायण रचणाऱ्या कवीची थट्टा करणे सोपे आहे, आणि काही ठिकाणी ती रास्तही आहे. मला स्वतःला सलग शंभर आर्या वाचवत नाहीत. पण थट्टेचा आधार काय, ते पाहा. मोरोपंत वाईट ठरतात, कारण त्यांची मेहनत दिसते. ग्रामीण कवी चांगला ठरतो, कारण त्याची मेहनत दिसत नाही. किंवा आपल्याला पाहायची नसते. दोन्ही निकाल एकाच समजुतीतून निघतात, की श्रम हा कवितेतला दोष आहे. ज्या मुलखात गुंठाभर जमीनही श्रमाविना हिरवी होत नाही, तिथल्या दोन कवींना, एक अठराव्या शतकातला आणि एक आजचा, ही समजूत लावायची म्हणजे मौजच आहे.

आणि ‘केकावली’चे काय? केका म्हणजे मोराचा टाहो. आपल्या नावावर श्लेष साधत, पृथ्वीवृत्तात, ईश्वरापुढे केलेला हा आकांत. यात आर्तता कुठे संपते आणि रचना कुठे सुरू होते, हे कुणी दाखवून द्यावे. पंतांना घडीव म्हणून बाजूला सारणाऱ्याला हा ग्रंथ आधी गिळावा लागेल.

या समजुतीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत प्रेमळ उदाहरण म्हणजे बहिणाबाई चौधरी. त्यांची गाणी पुत्र सोपानदेव आणि एका आप्ताने लिहून ठेवली होती. १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ‘निरक्षर’ हे विशेषण त्यांच्या नावाला चिकटले आहे. त्या निरक्षर होत्या, हे खरे. पण निरक्षर म्हणजे अशिक्षित नव्हे. जात्यावरच्या ओवीचे शिक्षण मराठी बाईला शतकानुशतके मिळत आलेले आहे. त्यात छंदाचा पक्का ठेका आहे, यमकाची जाण आहे, ठरावीक प्रतिमांचा साठा आहे, त्या मोडायच्या कशा याचे संकेत आहेत, आणि चुकले की टोकणारी शेजारीण जात्याच्या दुसऱ्या अंगाला बसलेली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर आहेत. लाखभर ओव्यांना ‘उत्स्फूर्त’ म्हणून मोकळे होता येत नाही. तो एक अभ्यासक्रम आहे. फक्त त्याला विद्यापीठाची संलग्नता नाही.

देशीवादी मित्र इथे म्हणतील, की आम्हीही हेच म्हणतो: परंपरा गावात आहे. तेवढ्यापुरते आपण एकत्र आहोत. पण ‘या मातीतले’ म्हणजे काय, याचा निकाल मातीच्या मूळपणावरून लावू गेलात तर दसऱ्याला दाराला तोरण बांधता येणार नाही. झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंध तिकडचाच. कर्दळ अमेरिकेची, गुलबक्षी पेरूकडची, सदाफुली मादागास्करची. या सगळ्यांना मराठीने नावे दिली, पूजेत घेतले, वेणीत माळले. ग्लॅडिओलसला मात्र अजून मराठी नाव नाही. मुळात लॅटिन ‘ग्लॅडिओलस’ म्हणजे छोटी तलवार. मोरोपंतांच्या हाती पडता तर ‘खड्गपुष्प’ होऊन एखाद्या आर्येत चपखल बसता. आपण त्याला कार्यक्रमाच्या गुच्छातून थेट शब्दकोशाबाहेर ठेवले आहे. असो.

या सगळ्यात प्रत्यक्ष नुकसान होते ते विद्यार्थ्याचे. इंदापूर किंवा बारामतीच्या महाविद्यालयात शिकणारा, उसाच्या रानातून वर्गात येणारा मुलगा किंवा मुलगी कवितांची वही घेऊन येते. प्राध्यापक वाचतात, गहिवरतात. ‘फार अस्सल आहे, याला हात लावू नकोस’ असा सल्ला देतात. चौथ्या कवितेत अष्टाक्षरी दोन ठिकाणी मोडली आहे, सहाव्या कवितेतली प्रतिमा आधीच्या पिढीतल्या कवीकडून जशीच्या तशी आलेली आहे, नवव्या कवितेचे शेवटचे कडवे नको आहे, हे तिला कुणी सांगत नाही. शहरातल्या मुलीच्या वहीवर लाल शाईच्या खुणा होतात. हिच्या वहीवर आशीर्वाद. संग्रह निघतो, प्रस्तावनेत ‘रानफूल’ येते, सत्कार होतो. दुसरा संग्रह पहिल्यासारखाच असतो. तिसरा निघत नाही. मग आपण म्हणतो, ग्रामीण कवींचा झरा लवकर आटतो. वर्षानुवर्षे न उकरलेल्या ग्लॅडिओलसच्या ताटव्यात कंदांची दाटी होते आणि फुले लहान लहान होत जातात, हे कुठल्याही माळ्याला ठाऊक असते. त्यावर उपायही त्याला ठाऊक असतो: खणायचे, वेगळे करायचे, कुजके टाकायचे, पुन्हा लावायचे. यात फुलाचा अपमान होतो असे त्याला वाटत नाही.

हात न लावण्यात आदर आहे, असे आपण मानतो. मला त्यात आळस दिसतो, आणि आळसाखाली एक जुनी उतरंड. ज्याच्याकडून आपल्याला बरोबरीची अपेक्षा असते त्याच्याशी आपण भांडतो. ज्याला रानफूल म्हणतो त्याच्याशी भांडता येत नाही. त्याचा फक्त वास घेता येतो. समीक्षेच्या टेबलावर एकाला कारागीर आणि दुसऱ्याला निसर्ग म्हणून बसवले, की दुसऱ्याच्या वाट्याला कायमचे कौतुक येते आणि मत येत नाही. आनंद यादवांपासून अनेकांनी ग्रामीण साहित्याची चळवळ उभी केली, तेव्हा ग्रामीण माणसाने स्वतःच्या अनुभवाचा लेखक व्हावे, असा तिचा आग्रह होता. लेखक होणे म्हणजे निवड करणे, खोडणे, पुन्हा लिहिणे. त्या चळवळीचे अर्धे काम आपण ‘उत्स्फूर्त’ या एका शब्दाने पुसून टाकले.

आणि खरोखर न लावता, न राखता उगवणारे जे या दोन तालुक्यांत आहे, त्याचे काय होते? सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. चिंकारा तिथे राहतो. तिथे आणि इंदापूरच्या माळांवर कुसळी, हिवर, बोर, तरवड आहेत. तरवडाचे पिवळे फूल कुणी लावलेले नसते, त्याला सांडपाणी मिळत नाही, त्याच्या बुडाशी कुणी माती ओढत नाही. त्या जमिनीला सरकारी कागदात आणि आपल्याही बोलण्यात ‘पडीक’ म्हणतात. तिच्यावर झाडे लावण्याचे कार्यक्रम होतात, खड्डे घेतले जातात, गवत उकरले जाते. गवताळ माळ ही स्वतःच एक पूर्ण व्यवस्था आहे, हे अभ्यासक सांगून दमले. म्हणजे जिथे हात लावू नये तिथे आपण कुदळ घेऊन जातो, आणि जिथे खुरपे हवे तिथे डोळे मिटून उभे राहतो.

मराठीच्या प्राध्यापकांकडे माझी मागणी लहान आहे. ‘ग्रामीण साहित्य’ या अभ्यासपत्रिकेत पुढल्या वेळी ‘कवितेतील उत्स्फूर्तता स्पष्ट करा’ असा प्रश्न काढण्याऐवजी ‘या कवितेचा छंद कोणता, तो कुठे मोडला आहे, आणि मोडल्याने काय साधले किंवा बिघडले’ असा प्रश्न काढावा. तोच प्रश्न मोरोपंतांच्या आर्येवरही काढावा, आणि दोन्हींना गुण सारखे ठेवावेत.